तात्यांचा लोकरीचा पुंजका

माझं लग्न ठरलं ते लोकरीच्या एका पुंजक्यावर. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसा. मलाही आता हसू येतं. तेव्हा मात्र अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

दुसरी लढाई लागायच्या आधी चारेक वर्षांची गोष्ट. मला बघायला वडगाव निंबाळकरहून पाच माणसं आमच्या कळसला आली. चौघांनी रीतीप्रमाणे विचारलं, नाव काय, भाकरी थापता येते का, धार काढतेस का. पाचवा माणूस उंच, हाडकुळा, खांद्यावर काळी घोंगडी. तो माझ्याकडे बघेच ना. त्यानं बंडीच्या खिशातून दोऱ्याला बांधलेला लोकरीचा पुंजका काढला आणि आमच्या माजघरात फिरायला लागला. पुंजका चौकटीपाशी धरला, कोपऱ्यात धरला, खाली बसून उंबऱ्यापाशी धरला. माझा बाप बावरला. त्याला वाटलं, करणीबिरणी बघतायत. पुंजका कुठंच हलला नाही, तेव्हा तो माणूस म्हणाला, "घर पक्कं हाय. वारं शिरत न्हाय. पोरगी करून घ्या."

म्हणजे मी पसंत पडले ती माझ्या आईच्या लिंपणामुळं. माझ्या तोंडाकडे त्या दिवशी कुणी धड पाहिलंसुद्धा नाही.

हे माझे चुलत सासरे, तात्या. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा एका घराची दोन झाली आणि मधे मातीची एक भिंत उभी राहिली. अलीकडं आम्ही, पलीकडं तात्या एकटे. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. उभा जन्म कालव्यावर पाटकरी म्हणून गेला. कुणाच्या चारीला किती पाणी सोडायचं, बांध कुठं फुटला, खेकड्यानं भोक कुठं पाडलं, हेच बघत पंचवीस वर्षं कालव्याच्या कडेनं चालले. नोकरी सुटली, पाणी हातचं गेलं, पण गळती हुडकायची खोड गेली नाही. मग ते ऊब राखायला लागले.

"ऊब इकत मिळत न्हाय," असं ते दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत भेटेल त्याला सांगत. "माणसाची येती, म्हशीची येती, चुलीची येती. फुकाट येती. आपुन ती फकस्त अडवायची."

गावात लोक एकमेकांना राम राम घालत, तात्या "दार लावा" म्हणत. त्यांच्या स्वतःच्या दाराला आतून अशी खुंटी ठोकलेली की ते वीतभरापेक्षा जास्त उघडायचंच नाही. येणाऱ्यानं अंग तिरकं करून शिरायचं. गावचे पाटील अंगानं भरलेले, ते बिचारे कधी आत गेलेच नाहीत. थंडीत काम निघालं की अंगणात उभे राहून फटीतून बोलायचे.

आमच्या घरात मात्र तात्या कधीही यायचे. मी डोक्यावरचा पदर सावरेपर्यंत पुंजका कोपऱ्यात लोंबत असायचा. जरा हलला की लगेच चिंध्या, शेणमाती, भुसा. मी उजेडाला म्हणून झरोका उघडा ठेवला की संध्याकाळी त्यात बोळा कोंबलेला. मी काढायची, ते कोंबायचे. दोन महिने हा खेळ चालला.

खोटं कशाला बोलू, त्यांच्या युक्त्या लागू पडायच्या. वाकळेखाली उसाच्या पाचटाचा थर घालायचा. वीट चुलीत तापवून फडक्यात गुंडाळून पायाशी घ्यायची. माणसांच्या निजायच्या जागेला लागून म्हैस बांधायची. "एक म्हस दोन शेगड्यांच्या बरुबरीची," तात्या म्हणत, "आन वर दूध देती. शेगडी देती का दूध?"

पण त्यांचा खरा जीव होता चुलीवर. चूल घराच्या मधोमध हवी, भिंतीला कधी लावायची नाही, हा त्यांचा कायदा. माझ्या सासूबाईंची, म्हणजे आत्याबाईंची, चूल बाहेरच्या भिंतीला होती. त्यावरून रोज एकदा ऐकवल्याशिवाय त्यांना भाकरी गोड लागत नसे. "वैनी, भितीला लावलेली चूल म्हंजी चारीचं पाणी वढ्याला. निम्मी ऊब गल्लीला गेली की वो." आत्याबाई म्हणायच्या, "जाऊ द्या. गल्लीला बी थंडी वाजती."

एका मार्गशीर्षात तर कहर झाला. तात्यांना शोध लागला की आपल्या घरची ऊब धुराड्यातून पळते. त्यांनी धुराड्यात फाटकं पोतं कोंबलं आणि आत चूल पेटवली. थोड्या वेळानं कौलांच्या फटीफटीतून धूर. लोकांना वाटलं घर पेटलं. हंडे-कळशा घेऊन निम्मी आळी धावली, कुणीतरी लाथ घालून दार सताड उघडलं. आतून तात्या खोकत, डोळे पुसत बाहेर आले आणि त्या माणसालाच धरला, "दार कुणी उघडलं? सकाळधरनं जमवलेली समदी घालवली की रं."

त्या दिवशी मी आत्याबाईंना म्हटलं, एकट्या जिवाला एवढी ऊब लागते तरी किती? कुणासाठी साठवतात एवढी? आत्याबाई भाकरी उलटवत म्हणाल्या, "त्याला तरी कुठं ठावं हाय?"

पुढच्या साली मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून आठव्यात कळसला जायचं ठरलं होतं. पण सातवा सरतो न सरतो तोच, ऐन पौषात, मुलगी झाली. एवढीशी. भाकरीच्या टोपलीत मावली असती. रडायलासुद्धा ताकद नव्हती तिला.

सुईणीनं रीतीप्रमाणे बाजेखाली शेगडी सरकवली. धुराच्या चार वलयांबरोबर पोरगी निळी पडायला लागली. सुईणीनं शेगडी पायानं बाहेर ढकलली आणि आत्याबाईंना सरळ सांगितलं, "हिला धूर सोसायचा न्हाय, आन गारठा बी सोसायचा न्हाय. ऊब ऱ्हायली तर पोर ऱ्हाईल."

आता बिनधुराची ऊब आणायची कुठून? मी तिला उराशी धरून पडले. कालव्याकाठचा गारठा ओला असतो, तो हाडात शिरतो. आमचे हे गुऱ्हाळावरून धावत आले, तिच्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, गेली ही आता.

तात्यांना बाळंतिणीच्या खोलीत यायची सोय नव्हती. सासरा माणूस. जन्मात पहिल्यांदा आमच्या घरात त्यांचा पुंजका दाराबाहेर अडला. अंगणातूनच त्यांनी आत्याबाईंना सगळं विचारलं आणि मग त्यांचा आवाज आला, "वैनी, सूनबाईची बाज मधल्या भितीला लावा. पोरीला भितीकडं घ्यायला सांगा. आन दार लावा."

मला असा राग आला म्हणता. इथं माझा जीव टांगणीला आणि या माणसाला दारं सुचतायत. पण आत्याबाईंनी बाज सरकवली.

दुसऱ्या दिवशी पोरीला पाजताना माझी पाठ भिंतीला टेकली. भिंत कोमट होती. मला वाटलं, मलाच ताप भरला. हात लावून बघितला, कोमटच, चुलीजवळ ठेवलेल्या तांब्यासारखी. तिसऱ्या दिवशीही तशीच, पहाटे तशीच, दुपारी तशीच. ना धूर, ना वास. आत्याबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "बाळंतिणीनं लई बोलू नये. नीज."

पोरगी आठवड्यात रडायला लागली. पंधरवड्यात ओढून प्यायला लागली. महिना भरला तेव्हा सुईणीनं तिला हातावर तोललं आणि म्हणाली, "ऱ्हायली गं बया."

सव्वा महिन्यानं न्हाऊन-माखून, पोरीला गुंडाळून मी तात्यांच्या पाया पडायला गेले. सवयीनं अंग तिरकं करून आत शिरले. आणि आत पाऊल टाकताच अंगावर शहारा आला, इतकं घर गार.

मधली चूल जागेवर नव्हती. तिथं नुसतं काळं वर्तुळ उरलं होतं. चूल आमच्या भिंतीला टेकवून नव्यानं घातलेली, आणि तिच्या मागची भिंत विळ्यानं खरवडून वीतभर आत नेलेली. शेजारी गुऱ्हाळावरून वाहून आणलेल्या चिपाडांचा ढीग. वर धुराडं पुरतं मोकळं. कौलं काढून ते आणखी मोठं केलेलं, धुराचा एक धागासुद्धा भिंतीतून आमच्याकडं झिरपू नये म्हणून. त्यातून सरळ आभाळ दिसत होतं आणि वारा थेट खाली उतरत होता. तात्या दोन घोंगड्या पांघरून कोपऱ्यात बसले होते. तोंडावर थंडीनं भेगा पडल्या होत्या.

त्या घरात येऊन मला तीन वर्षं झाली होती आणि मी त्यांच्याशी थेट चार वाक्यंही बोलले नव्हते. त्या दिवशी मी खुंटीवरचा पुंजका काढला आणि चुलीपाशी धरला. तो भोवऱ्यासारखा फिरायला लागला.

"मामंजी," मी म्हटलं, "तुमच्या घराला गळती लागलीय."

तात्यांनी पुंजक्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "गळती न्हवं ती," ते म्हणाले. "सोडलंय म्या."

मग त्यांनी हात पुढं केले. मी पोरीला त्यांच्या मांडीवर ठेवली. तिच्या तळपायाला त्यांनी नुसतं एक बोट लावलं, थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. "ऊन हाय," एवढंच म्हणाले, आणि घोंगडीचं टोक तिच्यावर ओढलं. इतकी वर्षं साठवलेलं कुणाला तरी द्यायला मिळालं, हे त्या तोंडावर लिहिलेलं होतं. मला रडू आवरेना. मी पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागले.

तात्यांनी मान वर केली नाही. "रडायचं तर रड, सूनबाई," ते म्हणाले, "पर आधी दार लाव. लेकीला वारं लागंल."