वर गेला!

या, असे पुढे सरकून बसा. कीर्तनात मागे बसणाऱ्याला प्रसाद पोचतो, कथा पोचत नाही! आणि कथा अशी सांगतो, की बुवांनीही चिपळ्या खाली ठेवाव्यात.

मी विश्वास, मुक्काम आर्नहेम, नेदरलँड्स. माझा भाचा अंबरीश इथे माझ्याकडेच राहतो. पक्का गोलकीपर! त्याचा एकही सामना मी चुकवला नव्हता, त्यामुळे फूटबॉलमधलं मला न कळणारं काही उरलंच नव्हतं. चेंडू दांडीवरून गेला की वाया गेला, हे तर माझ्या रक्तातच भिनलेलं.

एक दिवस म्हणाला, "मामा, कीपिंग सोडलं. आता अमेरिकन फूटबॉल. मी किकर."

"फूटबॉलच ना? मग मला काय शिकवतोस!"

रविवारी त्याची परीक्षा होती. कोचनं बजावलं होतं, आज किक चुकली तर संघाबाहेर. कोथरूडला माझी बहीण जयंती देव पाण्यात घालून बसली होती. नुसतं म्हणायला नव्हे हो! ताम्हनात खरोखर बाळकृष्ण बुडवलेला आणि फोन कानाला.

"दादा, जे होईल ते लगेच सांग!"

मैदानावर पाहतो तर चेंडू पपईसारखा लांबट! गोलाचे खांब दांडीच्याही वर आभाळात गेलेले, जणू सुतार कापायलाच विसरला! म्हटलं असेल, अमेरिकेचं सगळंच मोठं.

सामना संपता संपता शेवटची किक आली. अंबरीश धावला, लाथ बसली, आणि चेंडू दांडीवरून चांगला पुरुषभर उंच निघून गेला! मी फोनमध्ये ओरडलो,

"जयंती, गेला गं! वर गेला!"

वारा असा सुटलेला, की अर्धे शब्द तोच गिळत होता.

"काय? कोण गेला?"

"अंबरीशनं शर्थ केली गं, पण गेला! पंचांनीही हात वर केले!"

"पंचनामासुद्धा झाला?" ती किंचाळली.

तेवढ्यात मैदानात बघतो तर काय! "अगं, चौघांनी खांद्यावर घेतलाय त्याला!"

पलीकडे ताम्हन पडल्याचा आवाज आला आणि फोन बंद!

अंबरीश खांद्यावरून उतरून माझ्यापर्यंत येईतो घरच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' सुरू झाली होती. आमच्या चुलतभावानं, अभिजितनं तर त्याचा मुंजीतला फोटोही टाकला!

"मामा, रडतोस काय? जिंकलो आम्ही! इथे दांडीवरून, खांबांच्या मधून गेला तरच पॉइंट्स!"

"मग त्या पंचानं हात का वर केले?"

"म्हणजे किक बरोबर! तू कीर्तनात दोन्ही हात वर करून नाचतोस, ते काय हरलास म्हणून?"

मी तडक जयंतीला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, मी टीममध्ये राहिलो!"

जयंती पाहतच राहिली. हातात ओला बाळकृष्ण, डोळ्यांना धार. लेकाला डोळे भरून पाहिल्यावर तिची नजर माझ्यावर आली. जन्मभर मला दादा म्हणणारी माझी बहीण म्हणाली, "मेल्या!"

तर मंडळी, सांजवेळी देवापुढे दिवा लावाल तेव्हा माझ्या जयंतीची आठवण ठेवा. भाबडी आहे हो बिचारी! आणि तुमच्यापैकी कुणाचा फोन ती उचलत असेल, तर तेवढं सांगा, दादाला ग्रुपवर परत घे म्हणावं!