ब्राह्मणपुरीतला तीन पायांचा तोडगा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस होते तेव्हाच शहाद्याच्या योगेंद्र फोटोवाल्याने बायकोला बजावलं, "यंदा केळी मंडळना कॅलेंडरवर मन्हाच फोटो! ईज, गारा, काळं आभाय... आनि खाले मन्हं नाव!"

"नवरदेव खुर्चीवर गप बसेल ऱ्हास, तरी तुम्हना फोटोमा त्याना डोया मिटेल," रंजिता म्हणाली. "ईज काय थांबी तुम्हनाकरता?"

तीनशे लग्नं काढलेला गडी असल्या टोमण्यांनी विरघळतो होय! मंडळाने महिनाअखेरची मुदत दिली होती. त्याच दुपारी ढग चढला, जणू तापीकाठच्या साऱ्या म्हशी आभाळात चरायला गेल्या! योगेंद्रने मोटारसायकल ढगामागे सोडली ती थेट ब्राह्मणपुरीत, दोधूआबा शेतकऱ्याच्या केळीत. स्टँडचे तीन पाय रोवले, वर कॅमेरा चढवला.

पहिली गार पडली लिंबाएवढी. दुसरी बटाट्याएवढी. तिसरीचं माप सांगत नाही, तुम्ही मला खोटारडा म्हणाल!

तेवढ्यात आबांची बायको बेबीबाई झोपडीतून धावत आली आणि तिने भाकरीचा तवा उघड्यावर भिरकावला. गारा आल्या की बाहेर लोखंड टाकायचं, हा तिच्या सासूपासूनचा इलाज. आणि गारा थांबल्याच की!

"मावशी, जरा दम धरती ते!" योगेंद्र कळवळला.

आबा मात्र तव्याकडे बघतच नव्हते. "तवा ते हाई दरसाल फेकस. मांगला सालबी फेका, तरी केळी आडव्या पडन्यात. मंग आज नवं काय शे?" त्यांनी स्टँडवर हात ठेवला. "हाई तीन पायनं लोखंड!"

"आबा, ॲल्युमिनियम शे!"

"मंग लोखंडना भाऊ शे!"

दुसऱ्या दिवशी स्टुडिओसमोर चार ट्रॅक्टर उभे! ढग दिसला की योगेंद्रला उचलायचं आणि आपल्या वावरात रोवायचं. रंजिता लग्नांच्या वहीत तारखा घेऊ लागली, "लोटनदादा, बुधवार भरेल शे. गुरुवारले लई जा!" आंब्याचा रस खाऊन खाऊन योगेंद्रचा पट्टा दोन भोकं पुढे सरकला. विजा मात्र कायम दुसऱ्याच कुणाच्या केळीमागे!

"आबा, तथा नदीपार ईज पडी ऱ्हायनी! जाऊ द्या मले!"

"कथा चालना? तू गया का गार आठेच येई, मन्हा वावरमा!"

मुदतीच्या शेवटच्या दिवशी आभाळालाच त्याची दया आली. वादळ सरळ दोधूआबांच्या वावरावर! सातपुड्यापासून तापीपर्यंत विजेने आभाळ टराटरा फाडलं. योगेंद्रची नजर वर, बोट बटणावर. कॅमेऱ्यात डोकावायला सवड कुणाला! वीस फोटो झाले, आणि एकही गार न टाकता वादळ नदीपार गेलं.

"झायं! कॅलेंडर मन्हंच!" म्हणत त्याने फोटो उघडले. वीसच्या वीस लाल-पिवळे! वीज नाही, ढग नाही, नुसता चिखल!

"कॅमेराले हात कोनी लावा?"

बेबीबाई लाजली. "मी पूजा करी, भाऊ. त्याना डोयाले हयद-कुंकू लावं."

दिवाळीत कॅलेंडर आलं. योगेंद्रने आधी वादळाचा मे महिना उघडला. निरभ्र आभाळ, ताठ उभ्या केळी, हार घातलेला स्टँड, आणि बाजूला दोन्ही हात वर करून बोंबलणारा तो स्वतः! खाली छापलं होतं: "छायाचित्र : दोधूआबा, मोबाइलवरून."

योगेंद्रने चष्मा पुसून आपलं नाव शोधलं. नाव नव्हतं, पण उल्लेख होता हो!

"चित्रात : गारा पळवणारा स्टँड. शेजारी, त्याचा माणूस."