साहेबलोकांस आढाव्यात जागे केले त्याची हकीकत

स्वस्ति. कंपनीची दौलत अखंड राहो. पूर्वी थोर थोर लढाया जाहल्या, किल्ले पडले, तख्ते हालली, त्यांचे वृत्तांत लिहिणारे लिहून गेले. परंतु जेवणानंतरच्या बैठकीत मातबर साहेबांचे डोळे उघडे ठेविले, ऐसा पराक्रम कोणी लिहिल्याचे ऐकिवात नाही, सबब तो लिहिणे प्राप्त जाहले. मजकूर येणेप्रमाणे.

पंखे बनविणाऱ्या कंपनीत गोदामाचा सारा कारभार संगणकावर आणावा ऐसी मसलत ठरली, आणि मोहिमेची सरदारकी एका बाईंकडे आली, त्यांस हाताखालची माणसे ताई म्हणत. फौज म्हणाल तर चार प्रोग्रामर. रीत ऐसी की काम थोडे थोडे करावे, आणि दर पंधरवड्यास आढाव्याची बैठक भरवोन केलेले काम साहेबलोकांस दाखवावे, आणि त्यांनी बरेवाईट सांगावे, म्हणजे पुढील काम त्या बेताने व्हावे. रीत उत्तम, परंतु साहेबलोक ऐकतील तर ना! विक्रीसाहेब बसताक्षणी मोबाइलात शिरत आणि मग काही केल्या बाहेर येत नसत. गोदामसाहेब डोळे मिटोन लक्षपूर्वक ऐकू लागत, आणि मग नुसतेच डोळे मिटत. थोरल्या बाईसाहेब, म्हणजे कंपनीच्या मालकीणबाई, घरूनच हजर राहात आणि भिंतीवरील पडद्यात एका काळ्या चौकोनात वास करीत. आत खरोखर कोणी आहे की नाही, हे विचारण्याची कोणाची छाती नव्हती. ताईंनी चहा मागविला, मग बिस्किटे मागविली, मग केक मागविला. दारूगोळा सारा फस्त जाहला आणि साहेबलोक “छान, छान, चालू द्या” ऐसे बोलोन कूच करिते जाहले.

ऐसे होता होता थोरल्या बाईसाहेबांचे फर्मान सुटले की, हे काम कोणास नकोच दिसते, सबब येत्या बैठकीतही कोणी तोंड न उघडल्यास मोहीम बरखास्त करावी आणि फौज निरनिराळ्या खात्यांत वाटोन द्यावी. ताईंचे धाबे दणाणले. ती चार माणसे त्यांनी एकेक पारखोन मिळविली होती, ती एकमेकांच्या डब्यात हात घालोन आणि एकमेकांच्या चुका निस्तरोन घरच्यासारखी जाहली होती. ती आता पांगणार, या विचाराने ताईंस रडू आले, आणि ते त्यांनी जिन्यात जाऊन उरकले.

मग खलबत जाहले. चष्मिष म्हणोन जो वडील प्रोग्रामर, त्याने स्लाइडी वाढविण्याची तजवीज मांडली.

“नको रे बाबा,” ताई म्हणाल्या. “आपणच दाखवतो आणि आपणच माना डोलावतो. या वेळी माउस त्यांच्या हातात देऊ.”

“आणि काही मोडलं तर?”

“मोडू दे! निदान आवाजाने जागे तर होतील.”

नेमल्या दिवशी सभा भरली. गोदामसाहेबांच्या पापण्या खाली येऊ लागल्या, तोच ताईंनी झडप घालोन माउस त्यांचे हाती दिला आणि कालचा खराखुरा माल संगणकात स्वहस्ते चढविण्याची अर्जी केली. “मी? अहो, मला काय येतंय त्यातलं?” ऐसे साहेब बोलिले खरे, परंतु हत्यार हाती आल्यावर अंगात वीरश्री संचारली, आणि त्यांनी माल आत घेतला, मग बाहेर काढिला, मग उगाच पुन्हा आत घेतला, आणि लहान पोरासारखे खुदकन हसले. मग एकाएकी थबकले.

“आणि परत आलेला माल कुठे घालायचा?”

बटणे दोनच होती, माल आला आणि माल गेला. गेलेला माल परत येतो, हे फौजेस आजवर कोणी सांगितलेच नव्हते. चष्मिष पांढराफटक पडला.

विक्रीसाहेब मोबाइलातूनच वदले, “आपला माल परत येतच नाही.”

“येत नाही?” गोदामसाहेब खुर्ची मागे लोटोन उठले. “मग माझ्या मागच्या शेडमध्ये काय भुतं राहतात? खडखडणारे पंखे छतापर्यंत रचलेत! मला आडवं होऊन आत जावं लागतं!”

तोच काळा चौकोन उजळला आणि त्यात खाशा थोरल्या बाईसाहेब, न्हालेल्या केसांस टॉवेल गुंडाळिलेल्या, प्रकट जाहल्या.

“कुठली शेड?”

मग जे रण माजले ते काय वर्णावे! विक्रीसाहेब मोबाइल टाकोन उठले, आणि फळ्यावर एकाने लिहावे आणि दुसऱ्याने पुसावे, आणि दुरुस्तीचा पंखा वेगळा, बदलीचा वेगळा, भंगाराचा वेगळा ऐसा पुकारा व्हावा, मधेच परतीचे बटण नाही म्हणोन फौजेस झाडावे, आणि ताईंनी दोन्ही हातांनी टिपावे. पुढील बैठकीची मंडळी दार ठोठावू लागली, त्यांस गोदामसाहेबांनी परतवोन लाविले. शेवटी टॉवेल सावरोन बाईसाहेबांनी हुकूम फर्माविला की, मोहीम चालू ठेवावी, परतीचा माल अगोदर घ्यावा. विक्रीसाहेब गरजले, “पंधरा दिवस कशाला थांबायचं? सोमवारीच बसू!”

सारे गेल्यावर चष्मिष रडवेला होऊन म्हणाला, “ताई, अर्धं काम पुन्हा करावं लागणार.”

“हो ना!” ताई म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

येणेप्रमाणे केलेले काम अर्धे बुडाले, साहेबांची आपसांत जुंपली, ताईंच्या फौजेने यथेच्छ बोलणी खाल्ली, आणि चारांतला एकही माणूस कमी जाहला नाही. सबब फत्ते लिहिली असे.