सुर्वेकाकांचं एकच क्रियापद

मी आईच्या पायाला तेल चोळत होतो. शेजारचे सुर्वेकाका दारात येऊन उभे राहिले, दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "अर्थ दुसरा, भाऊ." खिशातून कार्ड काढून त्यावर काहीतरी लिहिलं आणि निघून गेले.

सुर्वेकाका एकवीस वर्षं एका ग्रीक मालकाच्या मालवाहू जहाजावर होते. निवृत्त होताना कप्तानाने त्यांना प्राचीन ग्रीकचा जाडजूड कोश भेट दिला. बाराशे पानं. आठ वर्षांत हा माणूस एका क्रियापदापुढे सरकलेला नाही. थेरापेउओ. म्हणजे सेवा करणे. देवाची केली तर अर्थ पहिला, आईबापांची दुसरा, बड्या माणसाची हांजी हांजी तिसरा, आजाऱ्याची शुश्रूषा चौथा, झाडांची निगा पाचवा. कोशातली उदाहरणं संपली, तसे काका नवी उदाहरणं कार्डांवर टिपायला आमच्या आळीत उतरले.

मी कलमाला शेणखत घालतोय, की गडग्यापलीकडून आवाज, "पाचवा." तलाठ्यापुढे चहा ठेवला, तर "हा तिसरा ना ओ?" तेही तलाठ्यादेखत. एका रविवारी मी मोजलं. सकाळपासून जेवणापर्यंत अकरा वेळा.

"काका, अर्थ सगळे तुमच्याकडे आणि कामं सगळी माझ्याकडे," मी एकदा सुनावलं.

"उदाहरण नको काय ओ?" ते शांतपणे म्हणाले.

फेब्रुवारीत माझी पंचाईत झाली. पडल्यापासून आई माझ्याच हातून जेवते. बायको लेकीच्या बाळंतपणाला चिपळूणला गेलेली, आणि राजापूरला आमच्या जमिनीची मोजणी. गेलो नाही, तर पुढची तारीख कधी मिळेल याचा नेम नाही.

"मी बसतो," काका म्हणाले. दुसरं कोणी नव्हतंच. गोळ्या, वेळा, पेज असा नऊ ओळींचा कागद मी त्यांच्या हातात दिला. दिवसभर मोजणीवाल्यांच्या मागून फिरताना एकच घोर, आई उपाशी असणार.

संध्याकाळी सहाला घरी आलो. पेजेचं भांडं रिकामं होतं. नऊच्या नऊ ओळींपुढे खुणा होत्या.

"ह्याच्या पेजेत मीठ बेताचं असतं," आई म्हणाली. "तू खारट करतोस."

मी काकांना विचारलं, "आज किती कार्डं झाली?"

"एक पण नाय. हात कुठे रिकामा होता?" ते मोरीत वाटी धूत होते. मागे न वळता म्हणाले, "आमची आय गेली तेव्हा मी बोटीवर. मला कळलं तेव्हा बारावं होऊन गेलेलं."

चपला घालता घालता त्यांनी विचारलं, "राजापूरला परत कधी जाणार?"

"गुरुवारी," मी म्हटलं.

मोजणी खरं तर आजच पुरी झाली होती.