रशीदचाचांचं सॅम्पल

शेजारचे रशीदचाचा आमच्याकडे चहाला आले की आधी तांदळाच्या डब्यात हात घालत. मूठभर काढायचे, तळहातावर पसरून बघायचे, हुंगायचे आणि पुन्हा डब्यात टाकायचे. मग तळहात झटकून, एखादा दाणा चिकटून राहिला का तेही बघायचे. माझी बायको वैतागायची, पण तांदूळ कधी कमी झाला नाही.

लातूरच्या आडत बाजारात तूर-सोयाबीन पारखण्यात त्यांची हयात गेली. बाकीचे नमुन्याची मूठ बघून बाजूला फेकत, चाचांची मूठ पोत्यातच परत जाई. "सॅम्पल म्हंजे अमानत हाय, सर. बघायचं अन् ज्याचं त्याला वापस करायचं." मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. आमचं सॅम्पल म्हणजे हजारांतून उचललेली शंभर माणसं, असं सांगितलं तर त्यांनी काळजीनं विचारलं, "मंग त्यांना घरी सोडता का न्हाई?" अख्खी गल्ली चाचांनाच 'सॅम्पल' म्हणायची.

मग चाचींच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी तुकडा काढला आणि सॅम्पल लॅबला पाठवतो म्हणाले. वापस कवा देणार, असं चाचांनी विचारलं. डॉक्टर हसले, मीही हसलो. रिपोर्ट वाईट आला तेव्हा चाचा अडून बसले. एका मुठीवर पोतं नापास करतात का? दुसऱ्या जागचं घ्या. तेही घेतलं, तेही तसलंच निघालं. त्यानंतर त्यांनी आमच्या डब्यात कधी हात घातला नाही.

चाची गेल्या त्या सकाळी कफन आलं, कबर खोदून झाली, आणि चाचांनी मला स्कूटर काढायला लावली.

"सर, तुमच्या चाचीचं थोडं तिकडं ऱ्हायलंय. अधुरी कशी पाठवू?"

लॅबवाल्यांनी शोधाशोध करून मेणात बसवलेल्या त्या तुकड्यांच्या दोन छोट्या वड्या दिल्या आणि सही घेतली. मागे बसून चाचा मूठ घट्ट आवळून होते. वाटेत एकदाच बोलले, "लोकांचा दाणा न् दाणा वापस केला. हिचंच इतके दिस ऱ्हायलं."

कब्रस्तानात लोक माती द्यायला पुढे येण्याआधी चाचांनी खाली वाकून मूठ उघडली. माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं मी या माणसाला विक्षिप्त समजत होतो. चाचा उठले. त्यांनी तळहात झटकला आणि काही चिकटून राहिलं का, ते उन्हात धरून बघितलं.