न्यायप्रविष्ट पोचा

माणसाने गाडी घ्यावी ती सांभाळण्यासाठी. जाण्यायेण्यासाठी एसटी आहे, रिक्षा आहे, फारच निकड असेल तर शेजाऱ्याची मोटारसायकल आहे. हे तत्त्व आपल्याकडे घरोघर पाळलं जातं, तरी कोणत्याही पाठ्यपुस्तकात त्याचा अजून समावेश झालेला नाही, ही खेदाची बाब आहे.

मालवणच्या अलीकडे धुरीवाडीत राहणारे भाई धुरी हे या तत्त्वाचे आदर्श पालनकर्ते होत. सरकारी कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी करून ते निवृत्त झाले आणि त्यांनी एक पांढरी गाडी घेतली. पहिल्या अकरा महिन्यांत ती एकूण दोनशे चौदा किलोमीटर चालली (पैकी एकोणचाळीस शोरूमपासून घरापर्यंत). उरलेला काळ ती अंगणात निळ्या ताडपत्रीखाली होती. दर रविवारी भाई ताडपत्री काढत, गाडी पुसत, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून आत पेपर वाचत आणि पुन्हा ताडपत्री घालत. सीटवरचं प्लॅस्टिक अर्थातच काढलेलं नव्हतं. पेपर वाचताना ते कुरकुरायचं, तेव्हा भाईंना आपली गाडी नवी असल्याची खात्री पटायची.

आता, गाडी मुळात घेतली ती एका कारणासाठी, हेही कबूल करायला हवं. भाईंच्या पत्नी सावित्रीबाई यांचं माहेर घाटाच्या पायथ्याच्या फोंडाघाट गावी (बोलताना नुसतं फोंडा). त्यांच्या आई हौसाबाई यांचं घर अगदी रस्त्याला लागून. घाट चढणाऱ्या गाड्या ओट्यावरून बघण्यात त्या बाईचा जन्म गेला. स्वतः दोनतीनदा एसटीने वर गेली, पण उभ्याने, गर्दीत, त्यामुळे घाट म्हणून तिने पाहिली ती पुढच्या प्रवाशाची पाठ. जावयाने गाडी घेतल्याचं कळताच तिचा फोन आला.

"सायत्री, माका एक डाव फुडच्या सीटार बसवन घाट चडवन हाडा. मगे मी मराक मोकळी."

भाईंनी शब्द दिला. बावीस फेब्रुवारीला हौसाबाईंचं सहस्रचंद्रदर्शन होतं. त्याच दिवशी त्यांना घाट दाखवायचा असं ठरलं. भाईंनी पुढच्या डाव्या सीटसाठी एक मऊ उशी आणली आणि ती प्लॅस्टिकच्या पिशवीसकट प्लॅस्टिकच्या सीटवर ठेवली. सासूबद्दल इतकी आस्था असलेला जावई त्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

नेमका बारा दिवस आधी गाडीला पोचा पडला. पण पोच्याकडे वळण्यापूर्वी गडग्याबद्दल सांगणं भाग आहे. गडगा म्हणजे जांभ्या दगडांचा, नुसता एकावर एक रचलेला कमरेएवढा बांध. भाईंचं अंगण आणि त्यांचा चुलतभाऊ बाबली याचं अंगण यांच्या मधोमध असा एक गडगा आहे. निदान बाबलीचं म्हणणं तसं आहे. त्र्याण्णव साली बाबलीच्या वडिलांनी दावा लावला की हा गडगा वाडवडिलांपासूनचा असून तीच हद्द आहे. गडगा मान्य केला तर हद्द मान्य होते आणि पलीकडचं रतांब्याचं, म्हणजे कोकमाचं, झाड जातं, हे ओळखून भाईंच्या वडिलांनी कोर्टात लेखी म्हणणं दिलं: "सदर जागी गडगा नाही, पूर्वी नव्हता व पुढेही असणार नाही." वडिलांच्या पश्चात भाईंनी हेच तीन वेळा शपथेवर सांगितलं. कोर्टाचा कमिशनर पाहणीला आला, तेव्हा बसायला दुसरं काही नसल्याने त्याने गडग्यावर बसूनच पंचनामा लिहिला. त्यात गडग्याचा उल्लेख 'वादग्रस्त वस्तू' असा आहे.

गडगा नसल्याचा त्रास कोणाला झाला असंही नाही. दोन्ही घरच्या बायका गेली तीस वर्षं त्याच्यावरून माशाच्या कालवणाची टोपं आणि सोलकढीचे तांबे एकमेकींना देतात. भाई आणि बाबली मात्र अकरा वर्षं बोलत नव्हते. गाडीच्या पूजेला देवासमोर गाऱ्हाणं घातलं गेलं, त्यात "रस्त्याच्या, नजरेच्या, पाण्याच्या, जनावराच्या" सगळ्या संकटांची नावं घेतली गेली. गडग्याचं नाव तेवढं घेतलं गेलं नाही, कारण भावकी म्हणून बाबलीही "व्हय म्हाराजा" म्हणायला उभा होता आणि भाईंना साक्षीदारांसमोर ते परवडलं नसतं.

दहा फेब्रुवारीला सकाळी फोंड्याच्या प्रवासाची रंगीत तालीम म्हणून भाईंनी गाडी बाहेर काढली. अंगणातून निघताना डावीकडे वळावं लागतं. सावित्रीबाई तुळशीपाशी उभ्या राहून बघत होत्या.

"अवो, लागतली!" त्या ओरडल्या.

"थंय आसा काय लागाक?" भाई म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या तोंडून सहज गेलं. तीस वर्षं शपथेवर जे सांगितलं, ते माणूस ताशी चार किलोमीटरच्या वेगात बदलत नाही. 'खर्र' असा आवाज झाला. पुढच्या डाव्या दरवाजाला, बरोबर हौसाबाई बसणार होत्या तिथे, ताटाएवढा पोचा पडला.

पलीकडच्या अंगणात बाबली आपली रिक्षा धूत होता. (या रिक्षेला सतरा पोचे होते, त्यानंतर बाबलीने मोजायचं सोडलं.) तो हातातलं फडकं टाकून आला आणि अकरा वर्षांनी पहिल्यांदा भाईंशी बोलला.

"भाई, माका साक्षीदार घाला. गडग्याक लागली ती मी माज्या डोळ्यांनी बघितलंय."

भाई गाडी घेऊन थेट निलेशच्या गॅरेजात गेले.

निलेशने दरवाजावर हात फिरवला. "दोन दिसांचा काम. पन विम्याचो क्लेम करतास तर आदी फॉर्म भरा. कारण म्हणान कुत्रो लिवा. सगळे कुत्रोच लिवतत."

हे अक्षरशः खरं होतं. निलेशच्या गॅरेजात गेल्या वर्षी आलेल्या शंभर क्लेमपैकी एकाहत्तर गाड्यांना कुत्रा आडवा आला होता, सोळांना गाय, नऊंना अज्ञात मोटारसायकलस्वार, आणि तीन गाड्यांवर नारळ पडला होता. भिंतीला, खांबाला किंवा गडग्याला कोणीही धडकलेलं नव्हतं. शंभराव्या माणसाने खरं कारण लिहिलं होतं. ती गाडी अजून गॅरेजच्या मागे आहे आणि तिच्यात कोंबडी अंडी घालते.

पण भाईंनी नोकरीत एकदाही स्वतःच्या सहीने खोटं लिहिलं नव्हतं (इतरांचं खोटं ते 'मान्यतेस्तव सादर' करत). शिवाय वाडीत कुत्रा एकच आणि तोही बाबलीचा. त्या मुक्या जनावरावर आळ घ्यायला भाईंचं मन तयार होईना. फॉर्म समोर ठेवून ते तीन दिवस बसले. 'वाहन कशावर आदळले?' हा रकाना त्यांना जेवताना दिसू लागला. गडगा लिहिला तर रतांबा गेला, शिवाय तीन शपथा खोट्या ठरल्या. काहीच लिहिलं नाही तर पोचा आपोआप पडला असा अर्थ निघत होता.

चौथ्या दिवशी त्यांना मार्ग सुचला. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: "उभ्या स्थितीतील जांभ्या दगडांचा समूह." पुढे 'आदळलेल्या मालमत्तेचा मालक' असा रकाना होता. तो रिकामा सोडणं चौतीस वर्षांच्या सवयीला धरून झालं नसतं. तिथे त्यांनी लिहिलं: "न्यायप्रविष्ट."

विमा कंपनीच्या सर्व्हेअरबाई पाहणीला आल्या. बाबलीने गडग्यापलीकडे खुर्ची टाकली होती आणि बाईंसाठी कोकम सरबत तयार ठेवलं होतं.

"काका, हा पांढरा रंग या भिंतीला लागलाय," बाई म्हणाल्या. "मग भिंत असं लिहू ना?"

"कोणती भिंत?" भाई म्हणाले.

बाईंनी गडग्याकडे पाहिलं, भाईंकडे पाहिलं, मग सरबत प्यायलं. "काका, कुत्रा लिहा ना," त्या अगदी विनवणीच्या सुरात म्हणाल्या.

भाई बधले नाहीत. बाईंनी फॉर्म गडग्यावर ठेवून शेरा लिहिला, तेवढ्यात बाबलीने मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला.

चार दिवसांत बाबलीचा अर्ज कोर्टात पडला. प्रतिवादीने दगडांचा समूह लेखी कबूल केला असून सदर पोचा हा तीस वर्षांतला गडग्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे, तरी तो जतन व्हावा, असं त्यात म्हटलं होतं. कोर्टाने दोन्ही बाजू ऐकून, पुढील तारखेपर्यंत सदर वाहन व सदर वादग्रस्त वस्तू यांची परिस्थिती 'जैसे थे' ठेवावी, असा हुकूम केला. पुढील तारीख सोळा जून होती.

वडिलांकडून अशिलांसकट वकिली चालवायला घेतलेल्या किशोरीताईंनी भाईंना समजावून सांगितलं की पोचा काढल्यास पुरावा नष्ट केल्याचा आरोप येईल. खिशातून पैसे भरून गुपचूप दुरुस्ती करायची सोयही त्यामुळे संपली. भाईंनी गाडीवर ताडपत्री घातली. पलीकडून बाबलीनेही, दवाने पांढरा डाग जाऊ नये म्हणून, गडग्यावर ताडपत्री घातली. दोन्ही ताडपत्र्या निळ्या होत्या आणि एकाच दुकानातून आणलेल्या होत्या.

एकवीस तारखेला संध्याकाळी सावित्रीबाईंनी विषय काढला.

"गाडी चलता मां?"

"चलता मगे. इंजनाक काय झाला?"

"मगे उद्या जावया. कोर्टान पोचो काडू नुको म्हणान सांगलेला. घाट चडू नुको म्हणान खंय सांगलेला?"

"असलो पोचो घेवन सासुरवाडीक जाव, गो? आनी तुजी आवस त्याच दारान चडतली. लोक दार बघतले."

"आवस घाट बघतली," सावित्रीबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

भाईंना वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हातारीला दिलेला शब्द मोडणं त्यांना सहन होत नव्हतं. पण उभ्या वाडीने, मग सगळ्या फोंड्याने, आणि मुख्य म्हणजे समारंभाला मोठ्या गाड्यांतून आलेल्या पाहुण्यांनी तो दरवाजा बघावा, ही कल्पना त्यांना त्याहून सहन होईना. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. चारही चाकं, ब्रेक, दिवे, हॉर्न उत्तम होते. दरवाजासुद्धा नीट उघडत होता आणि लागत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावित्रीबाई ठेवणीतली साडी नेसून गडग्यापाशी गेल्या.

"बाबल्या, फोंड्याक येतंस? आवशीक घाट दाखवचो आसा."

"येतंय, वयनी. पन माजी गाडी बघितलास मां?"

"बघितलंय. चलता मां?"

"चलता."

"तुमी येतास?" त्यांनी भाईंना विचारलं.

प्रतिपक्षाच्या वाहनात बसणं म्हणजे तडजोडीची तयारी दाखवणं, असं किशोरीताईंनी बजावून ठेवलं होतं. भाईंनी नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी ताडपत्री वर करून गाडीतली उशी काढली, थोडा वेळ ती हातात धरली, प्लॅस्टिकची पिशवी सोडवली आणि उशी गडग्यावरून बाबलीच्या हातात दिली. (ही घटना दोन्ही पक्षांनी नोंदीबाहेर ठेवली आहे.) रिक्षा गेल्यावर ते कितीतरी वेळ अंगणात उभे होते.

इथवर आल्यावर वाचकांच्या मनात काही प्रश्न असणं साहजिक आहे. क्लेमचं काय झालं? दगडांच्या समूहाची मालकी ठरेपर्यंत तो प्रलंबित आहे. गडगा कोणाचा ठरला? सोळा जूनला साहेब रजेवर होते. आता दिवाळीनंतरची तारीख आहे. आणि पोचा? पोचा सुस्थितीत आहे. भाई दर रविवारी त्याच्या कडेकडेने गाडी पुसतात.

हौसाबाईंचं काय झालं, हे मात्र अजून कोणी विचारलेलं नाही. तरी सांगतो. ओवाळणं झाल्यावर बाबलीने त्यांना रिक्षेत उशीवर बसवलं आणि पहिल्या गिअरमध्ये घाट चढवला. वळणावळणावर म्हातारी "थांब रे" म्हणायची आणि तो थांबायचा. आपलं परमिट जिल्ह्यापुरतं आहे असं सांगून, हद्दीच्या पाटीच्या दोन हात अलीकडे त्याने रिक्षा उभी केली. (हद्दीच्या बाबतीत बाबली फार काटेकोर आहे.) खाली रान, नदी, रस्ता आणि त्या रस्त्याकडेला तिच्या घराचं छप्पर दिसत होतं. ते तिने एक्याऐंशी वर्षांत वरून कधी पाहिलं नव्हतं. बघता बघता तिने विचारलं, "जावय खंय?"

"गाडयेकडे रवले," सावित्रीबाई म्हणाल्या.

"बरे नाय काय ते?"

"ते बरे आसत. गाडयेक बरा नाय."

म्हातारीने रिक्षेच्या पत्र्यावरून, सतरापैकी एका पोच्यावरून, हात फिरवला आणि पुन्हा खाली बघत बसली.

हे सगळं तुम्ही विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं. पण तुमचा जीव पोच्यात होता. असू द्या, चालायचंच. तुमची गाडी खाली उभी आहे ना? जा, एकदा बघून या. कोणी घासून गेलं असेल.