थोरामोठ्यांचं मस्टर

आमच्या समोरचे ढवळेकाका थोर माणसांवरचे सिनेमे बघताना मांडीवर हजेरीचं मस्टर घेऊन बसतात. सिनेमातला थोर माणूस त्या दिवशी घरी होता की नव्हता, एवढंच ते त्यात लिहितात.

काकांनी चाकणच्या एका कंपनीत चोवीस वर्षं टाइम ऑफिस सांभाळलं. कोण किती वाजता गेटातून आत आला आणि कोण 'आलो' असं नुसतंच सांगतोय, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. पुढे तेच काम करणारं, कार्ड पंच करायचं मशीन आलं. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने शाल दिली, काकांनी एक कोरं मस्टर मागून घेतलं.

मीही चाकणलाच नोकरीला, आणि तिकडच्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. दुपारी जेवण झालं की मी पुरस्कारविजेता एखादा चरित्रपट लावतो. रहाटणीतल्या आमच्या फ्लॅटच्या भिंती पातळ, त्यामुळे सुरुवातीचं संगीत वाजलं की समोरचं दार उघडतंच.

पहिला सिनेमा एका शास्त्रज्ञाचा होता. जगभरातले पुरस्कार मिळालेला. शेवटी माझी बायको डोळे पुसत होती. काकांनी बेरीज केली आणि निकाल दिला. "अकरा वर्षांत घरी चार दिवस हजर. त्यातले दोन दिवस ताप होता म्हणून. ते धरता येत न्हाईत."

मी म्हटलं, अहो, शोध केवढा लावला त्यांनी. शोधाबद्दल काकांची काही तक्रार नव्हती. "पण घरचा पंच कुठंय, राव?" एवढंच त्यांचं म्हणणं.

सैनिकाला ते उदार मनाने 'ओडी' देतात. ओडी म्हणजे बाहेर कामावर, हजर धरायचा. गायकाला देत नाहीत. एक धावपटू मुलाच्या वाढदिवसाला उशिरा पोचला, तेव्हा "एवढा पळतोय आन् तरी लेट" म्हणत त्यांनी लाल शाई काढली. एक गणितज्ञ बाई मात्र स्वयंपाकाच्या ओट्यावरच गणितं सोडवायच्या. त्यांच्यापुढे काकांनी डबल ड्युटी लिहिली, आणि बाईंचा ओव्हरटाइम कोण देणार याची माझ्याकडे बराच वेळ चौकशी केली.

एका गुरुवारी पडद्यावरचा बाप घरी पोचला, तर मुलगी झोपून गेलेली. काका "थांबवा जरा" म्हणाले आणि पाणी प्यायला उठले. मस्टर सोफ्यावरच राहिलं. मी ते उघडलं, कारण माझा स्वभावच तसा आहे. सगळ्या थोरांच्या वर, पहिल्या ओळीत, ढवळे र. भि. असं नाव होतं. पुढचे सगळे रकाने कोरे.

काका मागे येऊन उभे होते. रागावले नाहीत. "तेवढी ओळ भरता येत न्हाई," म्हणाले. मग त्यांनी सांगितलं. कंपनीची सुट्टी गुरुवारी, मुलीच्या, म्हणजे मनीषाच्या, शाळेची रविवारी. गुरुवारी काका दिवसभर घरात, पोरगी शाळेत आणि मग क्लासला. रविवारी पोरगी घरात, काका टाइम ऑफिसात. बाकीचे दिवस ते येईपर्यंत ती झोपलेली. असं तिचं शिक्षण होईपर्यंत चाललं.

"मंग मी हजर का गैरहजर? तुमी सांगा."

शेकडो कामगारांच्या हजेरीत ज्याची कधी चूक निघाली नाही, तो माणूस हे मला विचारत होता. मला फार वाईट वाटलं. मनीषालाच विचारा की, असं मी म्हटलं.

"ती गैरहजर म्हणाली तर?" काकांनी विचारलं. मी सिनेमा पुढे सुरू केला.

मनीषा चिंचवडला राहते, बँकेत आहे, दर रविवारी आईवडिलांकडे येते. त्या रविवारी मी तिला लिफ्टपाशी गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. बायको म्हणाली, नको तिथं नाक खुपसू नका. पण तोवर माझं खुपसून झालं होतं.

पुढच्या गुरुवारी काकांच्या मागोमाग मनीषाही आली. हातात स्टीलचा डबा. रजा कोणती टाकलीस, हे काकांनी आधी विचारलं. सीएल, म्हणाली. सिनेमा बघायला सीएल वाया घालवली, हे काकांना अजिबात पटलं नाही.

तिने त्यांच्या मांडीवरचं मस्टर उचललं, पहिल्या ओळीचं पान उघडलं आणि एकेका गुरुवारच्या रकान्यात 'ह' लिहायला सुरुवात केली.

"तू तर शाळेत असायची," काका म्हणाले. "पंच कुठंय?" पण आवाज नेहमीचा नव्हता.

मनीषाने डबा उघडला. आत बटाट्याच्या काचऱ्या होत्या, बोटाएवढ्या जाड.

"आई पातळ चिरायची. गुरुवारचा डबा तुम्ही करायचात. झाकण उघडलं की वर्गातल्या मुली म्हणायच्या, आज हिचे बाबा घरी आहेत." मग म्हणाली, "मलाही अजून पातळ चिरता येत नाहीत."

काका एक काचरी हातात धरून बघत राहिले. टीव्हीवर कुणीतरी थोर माणूस घर सोडून निघाला होता, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

शेवटी काकांनी चष्मा पुसला, खिशातलं पेन काढलं आणि आपल्या नावाखाली मनीषाचं नाव लिहिलं. त्यापुढे आजच्या गुरुवारी 'ह' घातला.

"रजा वाया न्हाई गेली," ते म्हणाले.